कुणीही बाहेर यायचं नाही

आमच्या कॅरॅव्हॅन क्लबच्या मागच्या शिबिरात एक तरुण जोडपं गाडीला जोडलेली कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जागेवर लावायला मागे घेत होतं, तेव्हा क्लबातले अकरा म्हातारे खुर्च्या टाकून बसले आणि अकरा वेगवेगळ्या सूचना एकदम ओरडले. ते जोडपं पुन्हा फिरकलं नाही.

म्हणून आज सेक्रेटरी बेरिलने दम भरला. "नवीन कुटुंब येतंय. हेही गेलं तर क्लब बंद! त्यांची गाडी लागेपर्यंत कुणीही बाहेर यायचं नाही." मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "नेव्हिल, तू तर तोंडसुद्धा उघडू नकोस!"

नवीन कुटुंब म्हणजे टेगन आणि तिची दोन मुलं आली. आम्ही आपापल्या कॅरॅव्हॅनच्या पडद्याआडून बघत होतो. मागे घेताना तिची कॅरॅव्हॅन तीनदा निलगिरीच्या झाडावर आदळता आदळता वाचली. मुलं रडायला लागली. नेव्हिल दाराची मूठ आवळून पुटपुटत होता, "उलटं फिरव गं पोरी, स्टीअरिंग उलटं फिरव!"

चौथ्यांदा प्रयत्न न करता ती खाली उतरली, आमच्या बंद पडद्यांकडे बघत क्षणभर उभी राहिली, आणि गाडी वळवून निघून गेली.

थोड्या वेळाने बेरिलला तिचा मेसेज आला.


"लहान मुलं नको होती, तर आधीच कळवायचं. मागून 'येऊ दे, येऊ दे' म्हणायला बारा गाड्यांमधून एक माणूस बाहेर आला नाही!"