पाचशे प्रतींचा लेखक

रामरावांच्या पुस्तकाच्या पाचशेच्या पाचशे प्रती महिन्याभरात खपल्या. आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. कारण शेलूबाजारच्या चौकात माइक धरून उभ्या असलेल्या रामरावांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. समोर सात माणसं होती. त्यातली दोन जीपची वाट पाहत होती.

रामराव एकतीस वर्षं लाइनमन होते. 'खांबावरून' हे त्यांचं पहिलं पुस्तक. त्यांनी आपली जुनी हस्तलिखित वही उघडली, घसा खाकरला, तोच मागून आवाज आला.

"ते राहू द्या. आमच्या लाइटीची डीपी कवा बसवता?"

"मी रिटायर झालो, बाप्पा!"

"मंग आले कायले?"

रामरावांनी माइक आपटला आणि ते तडक वाशिमला मयंकच्या दुकानात शिरले. मयंकच्या घरचा छापखाना तीन पिढ्यांचा. व्यापाऱ्यांच्या डायऱ्या, लग्नपत्रिका आणि यंदापासून पुस्तकं; 'खांबावरून' त्यानंच छापलं होतं. त्यानं मोबाईलमधून मान वर काढली नाही.

"काका, तुमी कायले गावोगाव फिरून राह्यले? लेखक दिसला की माणूस फुकट मागते. नाही दिसला की विकत घेते. तीन रील टाकल्या, ऑर्डरी सुरू!"

"रील पाहून कोण वाचते रे? मले विकायचं नाही, लोकायले वाचायले द्यायचं हाय."

"वाचून राह्यले ना लोकं. हे पहा."

मोबाईलवर पाच-पाच तारे होते. 'काळजाला भिडलं.' 'एका बैठकीत संपवलं.'

"गोविंदाबद्दल कोणी लिहिलं?"

मयंकनं पडदा वर सरकवला, खाली सरकवला. "येईन ना कोणाचं तरी, काका."

गोविंदा त्यांचा हेल्पर. नऊ वर्षांपूर्वी तो जऊळक्याजवळ खांबावर असताना लाइन चालू झाली. चौकशीत 'मयताचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. लाइन चालू करायचा हुकूम कोणी दिला हे रामरावांना माहीत होतं, पण नोकरी होती तोवर ते गप्प बसले. पुस्तक त्या एका प्रकरणासाठी लिहिलं होतं. बाकीची तेवीस प्रकरणं नुसती सोबतीला.

जाताना त्यांनी गठ्ठ्यातली एक प्रत उचलली.

"प्लास्टिक फोडू नका हं, काका. फोडलेली कोणी घेत नाही."

"मीच लिहिलं, मले काय पाहायचं त्यात!" म्हणत रामरावांनी ती परत आदळली.

मेडशीला मात्र मांडव होता, शाल होती, नारळ होता. सरपंच चाळीस मिनिटं बोलले. "हे पुस्तक म्या तीनदा वाचलं. पानापानानं डोळे उघडते!"

रामरावांना भरून आलं. "गोविंदाचं कसं वाटलं, सरपंच?"

"वा! गोविंदा तर लयच भारी जमला."

"मेला तो."

"तेच म्हणतो ना मी. मेला तर लयच भारी जमला!"

रामरावांनी शाल सरपंचाच्या तोंडावर फेकली. नारळ फेकणार होते, पण तो चौघांनी धरला. कोणीतरी शूटिंग केलं, मयंकनं ते 'संतापलेला लेखक' म्हणून टाकलं, आणि चार दिवसांत गोदाम रिकामं झालं.

"लोकायले माहा राग पाह्यजे, पुस्तक नाही!" रामराव फोनवर ओरडले.

"पण पाचशे घरात गोविंदा पोचला ना, काका?"

रामरावांनी फोन ठेवला. मयंकनं बाजूला ठेवलेली शेवटची प्रत विकत घेऊन ते जऊळक्याला गेले आणि त्यांनी ती गोविंदाच्या बायकोच्या, मंजुषाच्या, हातात दिली.

मंजुषानं दातांनी प्लास्टिक फोडलं. पहिलं पान उलटलं. मग दुसरं. मग शेवटपर्यंत सगळी, एकेक करून. रामराव दाराकडे पाहत बसले होते.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्यायचं कुठं हाय?"

रामरावांनी पुस्तक हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी रामरावांनी पाठवलेला अर्ज मयंकनं न वाचताच आपल्या पेजवर टाकला. तासाभरात नऊशे लाइक आले.

'प्रति, सर्व वाचक व परीक्षक. महोदय, तपासाअंती असे आढळून आले आहे की, सदर पुस्तकाच्या पाचशेही प्रतींत मुखपृष्ठाच्या आत एकही अक्षर छापलेले नाही. तरी ज्यांनी पुस्तक वाचले, त्यांनी गोविंदाच्या मृत्यूस जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याचे नाव, पान क्रमांकासह, सात दिवसांच्या आत कळवावे, ही नम्र विनंती.'