शिसवीचा ओंडका

भाऊंना लेथवर लाकडी वाट्या कातायचा भारी नाद. त्यांच्या हौशी मंडळाची एक रीत होती. सभासद गेला, की घरच्यांनी त्याच्या उरलेल्या ओंडक्यांवर खडूने एकेकाचं नाव घालायचं आणि ते मंडळात वाटून टाकायचे.

भाऊ दवाखान्यातून घरी आल्यापासून बायको उठता-बसता म्हणत होती, "अहो, महिनाभरात लेथवर उभे राहाल आणि पुन्हा घरभर भुसा करून ठेवाल, बघाच!" त्या भरवशावर आज ती बाजारात गेल्याचं बघून भाऊ भिंत धरत धरत शेडमध्ये पोचले. कित्येक वर्षं जपलेला शिसवीचा ओंडका त्यांनी हौसेने उलटा केला.

 

खाली मंडळाच्या सेक्रेटरीचं नाव होतं, बायकोच्या वळणदार अक्षरात.