मनगटातली पट्टी

बोटात टाचणी रुतली आणि मालन "आई गं!" म्हणेपर्यंत फोन वाजलासुद्धा. "मालनताई, टोचलं ना? छान! म्हणजे तंतू बोटापर्यंत पोचला," दवाखान्यातल्या डॉक्टर रेंदाळकर म्हणाल्या.

यंत्रमागात हात सापडून मालनच्या मनगटातला मज्जातंतू तुटला होता. डॉक्टरांनी तो टाके घालून जोडला होता आणि कातडीखाली एक पट्टी बसवली होती; हाताला जे जाणवेल ते ती लगेच दवाखान्यात कळवायची. जखमेतला दाह ओळखून ती ऑक्सिडीकरण रोखणारं औषध थेंबाथेंबाने सोडायची, आणि त्या आधाराने तंतू वाढत होता. पण ही पट्टी आणखी काय काय ओळखते, हा प्रश्न मालनच्या मनातून जाईना.

रविवारी धाकटी बहीण शकू आली. नवऱ्याचं घर सोडायचं ठरवलंय, एवढं बोलून ती रडू लागली. मालनने तिचा हात घट्ट धरून ठेवला. शकू गेली आणि डॉक्टरांचा फोन आला. "मघाशी तुमच्या हातात कुणाचा तरी हात होता. त्यांची नाडी फार जलद होती. आजारी आहेत का?"

मालन तडक दवाखान्यात गेली. "काढा हे."

"अहो, तंतू अजून करंगळीपर्यंत पोचायचाय, आणि पट्टीऐवजी गोळ्या घेऊन इतका गुण येत नाही. करंगळी कायमची बधिर राहील."

"राहू दे. माझ्यापाशी रडायला आलेल्या माणसाची नाडी तुम्ही का मोजायची?"

करंगळी बधिरच राहिली. पट्टी निघाली, तरी कुणाचा हात हातात घेण्याआधी मालन अजून आपलं मनगट उलटं करून बघते.