गुडघ्याची शिवण

चंद्रावरच्या खाणीच्या कँटीनमध्ये मालिकेच्या शेवटच्या भागावरून वाद पेटला होता. त्यात कॅप्टन बाहेर पडली, गुडघ्यापाशी तिचा स्पेससूट उसवला आणि ती मेली. कुणी म्हणे रटाळ, कुणी म्हणे लेखकाने गुंडाळलं.

"मरण सोडा हो!" खाणीतल्या सगळ्यांचे सूट शिवणाऱ्या बेबीताई कडाडल्या. "गुडघ्याची शिवण उसवतेच कशी? एकोणीस वर्षं शिवतेय मी. तुमच्यापैकी एकाची तरी उसवली?"

नुकत्याच बाहेरून आलेल्या परशरामने नकळत आपला गुडघा चाचपला.

"मग शेवट कसा हवा होता, ताई?" त्याने विचारलं.

"कॅप्टन घरी येते. गुडघे धुळीने माखलेले, शिवण जशीच्या तशी. मी चार शब्द सुनावते आणि सूट झटकायला घेते."