पहिलं नाव

बाबांनी बत्तीस वर्षं एकाच तळ्याच्या काठच्या गोगलगायी मोजल्या, वह्यांच्या वह्या भरल्या, पण त्यावर संशोधनाचा पेपर लिहायचा तेवढा राहूनच गेला. आता सकाळचा चहा घेतल्याचं दुपारी आठवेना, तेव्हा लेकीनेच त्या वह्या उपसल्या, वर्षभर खपून पेपर लिहिला, बाबांचं नाव पहिलं घातलं आणि जर्नलला पाठवून दिला.

चौथ्या दिवशी पेपर परत! जर्नलने दोन्ही लेखकांना मेल करून 'हे काम तुमचं आहे ना?' असं विचारलं होतं आणि पहिल्या लेखकाने चक्क 'नाही' कळवलं होतं.

ती तणतणत बाबांच्या खोलीत गेली. "बाबा, 'नाही' का म्हणालात?"

उभ्या जन्मात विद्यार्थ्यांच्या पेपरवर स्वतःचं नाव फुकट लावू न दिलेले बाबा शांतपणे चष्मा पुसत होते. "अगं, अथपासून इतिपर्यंत वाचला मी. फार सुंदर काम आहे."

"मग?"



"कुणीतरी अख्खं आयुष्य घातलंय गं त्यात. त्या बिचाऱ्याला शोध आणि त्याचं नाव घाल."