टाकीचं विरजण

“सूनबाई, माशांच्या टाकीच्या फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीच्याच पाण्यात पिळायचा. घाण पचवणारे जीव त्यातच असतात, ते गेले की मासे गेले,” कुमुदकाकूंचे सासरे बजावायचे.

“काकू, सगळं शहर निर्जंतुक झालंय, शेवटचे जंतू तुमच्या स्पंजात सापडलेत,” आरोग्यखात्याचा तरुण म्हणाला. “उद्या जप्ती. आता निर्जंतुक फिल्टर बसवा.”

“शेजारच्या प्रमिलेनं बसवलाय. तिचे मासे तडफडताहेत. आणि दही तरी कुणाचं लागतंय हल्ली?”

“हे जंतू कुणाला वाटणार नाही ना?”

“आज चतुर्थीचा उपास आहे, खोटं बोलायची नाही. वाटणार.”

थट्टा समजून तो हसत गेला. काकूंनी स्पंज कापला, अर्धा टाकीत परत ठेवला. उरलेला टाकीच्याच पाण्यासकट विरजणाच्या वाटीत घेऊन, कबूल केल्याप्रमाणे त्या प्रमिलेकडे निघाल्या.