पाटीवरचा शब्द

जैनुद्दीन सतारमेकरला इंग्रजीतला एकच शब्द वाचता येत होता. मिरजेच्या त्याच्या दुकानावर पाटी होती आणि पाटीवर त्याच्या नावाखाली तो लिहिलेला होता : इन्स्ट्रुमेंट्स. रंगाऱ्याने एखादं अक्षर खाऊ नये म्हणून त्याने तेव्हा तो अक्षर न् अक्षर घोकून घेतला होता. अर्थ म्हणाल तर साज. सतार असो, तंबोरा असो, सगळे साजच.

चव्वेचाळीस सालच्या त्या सकाळी लष्कराचं पत्र आलं आणि त्यात तोच शब्द निघाला! चौथ्या ओळीत, पोराच्या, बादशहाच्या, नावापासून चार बोटांवर. शेपटीचं एक अक्षर जाऊन तिथं दोन नवीन आली होती खरी, पण साहेबाच्या यंत्राने काही चुकीचं उठवलं असेल. बापाने आपला शब्द ओळखला. हातातला तंबोरा लावायचा राहिला तसाच, आणि त्याने आत हाक मारली.

"हाजरा, अगं, पोरगा फौजेत साज वाजवत व्हता!"

बादशहा ब्रह्मदेशात कामी आल्याची तार जूनमध्येच येऊन गेली होती. हाजराबी पीठभरल्या हाताने बाहेर आली, पत्राकडे बघून म्हणाली, "आवं, आदी मास्तरांस्नी दावा. मग बोला."

पण एवढा धीर कुणाला! जैनुद्दीन समोरच्या पानपट्टीवर जाऊन नाथाजीला सांगून आला. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. नाथाजी म्हणाला बिगूल असणार, शेजारचा भाऊसो म्हणाला छे, बँडातला मोठा ढोल. जैनुद्दीनला काहीही चाललं असतं. साज म्हणजे साज.

त्याला एवढा आनंद का झाला ते फक्त हाजराबीला ठाऊक होतं. दोन वर्षांमागं बादशहाच्या हातून एक भोपळा निसटला. वर्षभर सावलीत वाळवलेला, तंबोऱ्यासाठी राखून ठेवलेला. पडला आणि उभा तडकला. चार गिऱ्हाइकांदेखत जैनुद्दीन ओरडला होता, "तुज्या हातनं कवा साज व्हायचा न्हाई! जा, मोटारी हाक!" पोरगं गेलं आणि खरंच फौजेत मोटार हाकायला लागलं. ते बोलणं पोराला किती लागलं कोण जाणे, बापाच्या मात्र जिवाला डसून बसलं होतं. आज वाटत होतं, चला, आपली जीभ खोटी ठरली एकदाची.

शाळा सुटल्यावर जोतीराम मास्तर आले. हायस्कूलात इंग्रजी शिकवायचे. त्यांनी पत्र उभ्या उभ्याच वाचलं, मग खाली बसले आणि पुन्हा वाचलं.

"चाचा, यात वाजवण्याचं काही नाही."

"आसं कसं? ह्यो शब्द बगा की. आमच्या पाटीवरचा हाय."

"शब्द तोच, चाचा. पण इंग्रज तो माणसालाही लावतात. एखाद्याच्या हातून मोठं काम झालं, तो नसता तर ते झालंच नसतं, असं सांगायचं असलं की हाच शब्द."

"साजाचा शब्द, मानसाला?"

"हो."

खरं सांगायचं तर जैनुद्दीनला वाईटच वाटलं. दिवसभर त्याने मनातल्या मनात पोराच्या हातात बिगूल दिला होता, ढोल दिला होता, एकदा तर सतारही दिली होती. ते सगळं मास्तरांनी एका वाक्यात काढून घेतलं. त्याला मास्तरांचा रागही आला.

"मग काय काम झालं त्येच्या हातनं?" त्याने विचारलं.

मास्तर ओळीवर बोट ठेवून सांगू लागले. नदीवरचा पूल कोसळायच्या बेतात होता. पलीकडे जखमी पडलेले. बादशहाने मोटार तीनदा पलीकडे नेली आणि तीनदा भरून आणली. चौथ्यांदा गेला तो फिरला नाही. अकरा जण जगले, ते तो होता म्हणून.

दारात हाजराबी उभी होती. "अकरा?" तिने विचारलं.

"अकरा, चाची."

तिने पदर तोंडाला लावला. जैनुद्दीनने पत्र परत घेतलं आणि त्या शब्दाखाली अंगठा धरला.

"हातनं, आसंच लिवलंय? त्येच्या हातनं?"

"अर्थ तोच होतो, चाचा."

तेवढ्यात समोरून नाथाजीची हाळी आली. पानपट्टीवर चारपाच माणसं जमली होती, सगळ्यांच्या माना इकडे.

"काय चाचा, लागला का निकाल? काय वाजवत व्हता बादशहा?"

मास्तर ओशाळले. "मी सांगू का त्यांना?" ते हळूच म्हणाले.

जैनुद्दीनने नको म्हणून मान हलवली. मांडीवरचा भुसा झटकून तो उठला आणि पायरीवर, पाटीखाली येऊन उभा राहिला. गल्लीला ऐकू जाईल एवढा आवाज त्याने काढला.

"वाजवत न्हवता रं नाथाजी. अकरा जनांच्या छातीत अजून वाजतंय न्हवं, ते त्येनं लावल्यालं हाय."